चारी चाकांनी ओढणारी गाडी

माझी लेक डोंगरातल्या झेडपीच्या शाळेत शिकवते. दिली निरगुडसरला, सासर तिथलं. म्हणजे रोज सकाळी तिनं ऊस-कांद्याच्या सपाटीवरून निघायचं, मंचर, घोडेगाव मागं टाकायचं, डिंभ्याच्या धरणापासून वर चढायला लागायचं आणि ढगात जाऊन पोरांना बाराखडी शिकवायची. संध्याकाळी तेच उलटं. माझं घर त्या वाटेवर, धरणाच्या वरच्या अंगाला. सकाळी ती दारात थांबते, उभ्या उभ्या कपभर चहा पिते आणि जाते.

हा चहा आधी तिची आई करायची. ती जाऊन दोन पावसाळे झाले. तेव्हापासून मी करतो. पहिले काही दिवस लेकीनं तो न बोलता प्यायला, मग एकदा म्हणाली, "आबा, आलं ठेचून टाकत्यात, अख्खं न्हाई." तेव्हापासून ठेचून टाकतो. दिवसभरात माझं माणसाशी बोलणं होतं ते तेवढंच. बाकी म्हशीशी बोलतो. शेजारी एक म्हातारा आहे, पण त्याच्याशी बोलण्यापेक्षा म्हैस बरी.

मागच्या पावसाळ्यात लेक ज्या वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणाऱ्या जीपनं खाली येत होती, ती जीप उतारावर घसरून गटारात बसली. डोंगराच्या अंगाला घसरली म्हणून निभावलं. दुसऱ्या अंगाला धरण आहे. कोणाला खरचटलंही नाही. लेकीनं मला यातलं काही सांगितलं नाही, मला दुधाच्या पिकअपवाल्याकडून कळलं. जावयालाही कुठून तरी कळलं. एका रविवारी तो आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मामा, एक तर हिनं बदली मागायची, न्हाईतर स्वतःची चांगली गाडी घ्यायची. वडाप बंद."

"बदली कुठं?"

"खालीच, आमच्याकडं. आत्ता अर्ज चालू हायेत, मोबाईलवरच भरायचा."

खाली म्हणजे मंचरच्या पुढं. माझ्या दारावरून नाही. हे त्यानं बोलून दाखवलं नाही आणि मीही नाही. माणूस चांगला आहे, बायकोच्या जिवाची काळजी करतो, त्याला काय बोलणार? मी म्हणालो, "गाडी घ्या. जीप घ्या. उंच घ्या, माझ्या छातीएवढी."

"बघतो," जावई म्हणाला.

पुढं काही दिवसांनी लेकीचा फोन आला. गाडी बघून ठेवली होती. पण आबांनी पास केल्याशिवाय घ्यायची नाही, असं जावयाचं म्हणणं. मला वाटलं थट्टा करतात. मी चौथी शिकलेला माणूस. ट्रॅक्टरसुद्धा मी कधी चालवला नाही, त्याच्यावर बसलो तो मडगार्डवर. तर जावयानंच फोन घेतला आणि म्हणाला, "आमच्या वडलांनी तुमच्या शब्दावर बैलं घेतली, मामा. एक बी खोटा निघाला न्हाई. गाडी पण तुमीच बघा."

हे मात्र खरं होतं. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती चालतात. चढाचं मैदान असतं, त्याला आम्ही घाट म्हणतो. गाड्याला चार बैल. पुढची जोडी जुकाटाची, मागची धुरेची. पुढं घोडी पळते आणि तिच्या मागं हे चार बैल वारं प्याल्यासारखे वर जातात. तरणेपणी मला बैल निवडायला बोरी बुद्रुकपासून निरगुडसरपर्यंत लोक घेऊन जायचे. मी बैलाला मागून चालताना बघायचो. पुढून सगळेच बैल चांगले दिसतात.

तर ती गाडी आली. पाऊस सरत आला होता, तरी रोज एखादी सर यायचीच. जुन्नरचा एक मिस्त्री आहे, बापापासून गॅरेज त्यांचं, त्यानं पुण्याहून कोणाची तरी वापरलेली जर्मन गाडी आणून दुरुस्त केली होती. तोच पुढं बसून आला होता, चालवत लेक होती आणि मागं जावई. मी दारात उभा राहिलो आणि बघतच राहिलो. पावसाळी ढगाच्या रंगाची, लांब, बुटकी, नाक जमिनीला लावून वास घेत असल्यासारखी.

"ही?" मी म्हणालो. "ही तर बसलेली हाय."

मिस्त्री हसला. "उभी हाय आबा. अशीच असती ही."

शेजारचा म्हातारा काठी टेकत आलाच. त्यानं वाकून गाडीच्या खाली बघितलं. "पोट टेकंल, राव. डिंभ्याच्या गतिरोधकावरच अंडी घालील."

"तुमच्या सायकलवर जाऊ का मग, काका?" लेक म्हणाली.

मी आत बसलो. बसलो कसला, आडात उतरतात तसा उतरलो. आत चामड्याचा वास होता आणि समोर इतके दिवे की मला विमानात बसवलंय असं वाटलं. जावयाला राहवेना. मागून हात लांब करून तो एकेक दाखवायला लागला. हे बटण दाबलं की सीट गरम होतं. हे दाबलं की स्पोर्ट.

"म्हणजे खेळ?" मी म्हणालो. "पोरगी शाळेत चाललीय का खेळायला?"

"तसं न्हाई मामा. जोर वाढतो."

"जोर वाढवायचा तर उंच जीप घ्यायची व्हती. ही कशाला?"

त्यावर लेक बोलली. शाळेत पोरांना समजावते तसं बोलली, पण रागानं नाही. "आबा, निरगुडसरपासून घोडेगावपर्यंत माझा रस्ता सरळ हाय. तिथं उंच गाडी नुसती डुलती. शाळेत पोचेपर्यंत कंबरडं मोडतं आणि वारं सुटलं की ती आणखी हलती. पुढं वर आलं की चिखल, शेवाळ, वळणं. तिथं चारी चाकांत ताकद पायजे. मला दोन्ही एकाच गाडीत पायजे. मला रोज जायचंय. एकदा हिंडून यायचं न्हाई."

"चारी चाकांत म्हणजे?"

"दुसऱ्या गाड्या दोनच चाकांनी ओढत्यात. एक तर पुढच्या, न्हाईतर मागच्या. ही चारींनी ओढती."

हे मला एकदम समजलं. जुकाट आणि धुर. नुसतं जुकाट ओढत असेल तर गाडा वाकडा जातो, नुसती धुर ओढत असेल तर वर जाता जाता छाती फुटते. चौघांनी एकदम ओढायला लागतं, आणि ते शिकवता शिकवता माणूस म्हातारा होतो. मी मिस्त्रीला विचारलं, "आणि एकाचा पाय घसरला तर?"

"तर तिला आतल्या आत कळतंय, आबा. घसरणाऱ्या चाकाची ताकद काढून घेती, दुसऱ्याला देती. तुमाला काय करायचं न्हाई."

"कवा कळतंय?"

"घसरायच्या आत म्हणलं तरी चालंल."

मी म्हणालो, बघू. मी खाली उतरलो आणि गाडीभोवती फिरलो. मग लेकीला म्हणालो, "जरा पुढं घे," आणि मागून चालताना बघितली. काय बघायचं ते मला कळत नव्हतं, पण बघितली. मग मी म्हणालो, "घाटात घाला."

आमच्या गावच्या शर्यतीचा घाट गावामागं आहे. मधली बरीच वर्षं शर्यती बंद होत्या तेव्हा त्याच्यावर गवत माजलं होतं, आता पुन्हा साफ असतो. पण पावसाळ्यात त्याच्यावर कोण जातंय? मुरूम ओला, वरून बारीक गवत, आणि वर जाता जाता चढ असा की चालणारा माणूस गुडघ्यावर हात ठेवतो. जावयाचा चेहरा पडला. मिस्त्रीनं एकदा घाटाकडं बघितलं, एकदा गाडीकडं, आणि म्हणाला, "मॅडम, तुमी म्हणत असाल तर."

"आबा म्हणत्यात ना," लेक म्हणाली. "बसा."

तोवर गाव जमा झालं होतं. मी पुढं बसलो. लेकीनं पट्टा ओढून मला बांधलं, मला ते आवडलं नाही. गाडी निघाली. खालच्या सपाटीवर नुसती सरपटल्यासारखी चालली आणि मग तिचं नाक वर झालं. मला समोर फक्त आभाळ दिसायला लागलं. एकदा पोटाखाली ढेकूळ घासलं, करकर आवाज आला, मागं मिस्त्रीनं "या अल्ला" म्हटलं. पण गाडी थांबली नाही. माझ्या बाजूचं पुढचं चाक गुळगुळीत मुरमावर फिरल्याचं मला कुल्ल्याखाली जाणवलं. नुसतं फिरलं, बैलाचा खूर सटकतो तसं. आणि मी "गेली" म्हणायच्या आत बाकीच्या तिघांनी गाडी ओढून पुढं नेली.

अर्ध्या चढावर मी म्हणालो, "थांबव."

"इथं?" जावई मागून ओरडला.

"थांबव म्हणतोय ना."

शर्यतीतला गाडा चढावर मधेच थांबला तर तो परत निघत नाही. देवाचे बैल असले तरी निघत नाही. लेकीनं गाडी थांबवली. सगळं शांत झालं. काचेतून खाली गाव दिसत होतं, माणसं मुंग्यांएवढी, आणि आम्ही भिंतीला चिकटलेल्या पालीसारखे. मग मी म्हणालो, "आता चल." तिनं पाय दाबला. गाडी वीतभरसुद्धा मागं आली नाही. थोडा चिखल उडवला, थोडी हुंकारली आणि निघाली. वर शेंड्यावर जाऊन उभी राहिली. खालून लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी "भंडारा उधळा रे!" म्हणून ओरडलं.

  आयुष्यभर मी बैल बघितले. त्यांच्या डोळ्यांत जीव असतो, त्यांना भीती असते, राग असतो, म्हणून ते ओढतात. या लोखंडात काय आहे? कुठल्या देशात कोणीतरी बसून विचार केला की एक पाय सटकला तर बाकीच्यांनी काय करावं, आणि तो विचार असा आत घालून ठेवला. त्या माणसानं आमचा मुरूम कधी बघितला नसेल.

"पास," मी म्हणालो. "घ्या ही गाडी."

जावई हसायला लागला. मिस्त्रीनं माझ्या खांद्यावर हात मारला. लेक हसली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती खाली बघत होती.

"आबा," ती म्हणाली, "शर्यतीतला गाडा वर गेला की संपलं. मला संध्याकाळी खाली पण यायचंय."

मी तिच्याकडं बघितलं. आमच्या भागातला कुठलाही म्हातारा हीच चूक करील. आमच्या शर्यती चढाच्या. बैल आम्ही चढाला बघतो. वर पोचल्यावर कोणी घड्याळ बघत नाही. आणि ती जीप घसरली ती उतारावर.

ती गाडी घाटावरून हळूहळू फिरवून तिनं गावात आणली आणि न थांबता डांबरीवर घेतली, शाळेच्या वाटेनं वर.  तिच्या शाळेपाशी आम्ही पोचलो. दोन खोल्या, एक झेंड्याचा खांब. रविवार होता, कुलूप होतं. तिथून तिनं गाडी वळवली. पाऊस बारीक सुरू झाला होता आणि ढग रस्त्यावर बसला होता.

"आता बघा," ती म्हणाली.

उतार लागला तेव्हा मी पाय पुढच्या पत्र्याला लावून बसलो. तिनं स्टिअरिंगच्या मागच्या एका पातीला बोटानं टिचकी मारली. इंजिन आतून गुरगुरलं आणि गाडी मागून कोणी धरल्यासारखी झाली. पुन्हा टिचकी, पुन्हा गुरगुर.

"ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं न्हाई, आबा. गाडी गिअरवर धरायची. चारी चाकं चढाला मदत करत्यात. थांबायला न्हाई. थांबायला सगळ्याच गाड्यांना चार चाकं असत्यात."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"वाचलं. आणि ह्यांच्या कांद्याच्या पिकअपवर केलं."

एका वळणावर रस्त्यावर पाणी वाहत होतं, त्याच्याबरोबर पाचोळा आणि लाल चिखल. बरोब्बर त्याच वेळी खालून दुधाचा पिकअप आला, रस्त्याच्या मधून. लेकीनं ब्रेक दाबला. गाडीचं तोंड बाहेरच्या अंगाला, धरणाच्या अंगाला सरकायला लागलं. मागं जावयानं माझं सीट पकडलं. लेक घाबरली नाही, किंवा घाबरली असेल तर ते तिच्या हातात आलं नाही. तिनं ब्रेक किंचित सोडला, तोंड पुन्हा रस्त्यावर आलं, मग पुन्हा दाबला. पिकअपवाला शिवी देऊन निघून गेला. त्याच्याकडूनच मला जीपची बातमी कळली होती.

मला त्या वळणावर माझी बायको आठवली. आठवली म्हणणं बरोबर नाही. ती मागं होती. हिरड्याची पोती भरून आम्ही त्याच उतारानं बैलगाडी आणायचो, तेव्हा डांबर नव्हतं. मी पुढं बैलांच्या तोंडाशी, आणि ती मागं. गाडीला मागून दोर बांधायची, तो खांद्यावरून घ्यायची आणि टाचा रोवून, मागं कलून, गाडी धरत धरत उतरायची. बैलांवर ओझं येऊ नये म्हणून. अख्खा उतार. पोटात ही लेक असतानासुद्धा. गावात नाव माझं झालं, कारण चढावर मी पुढं असायचो. तिचं कोणी नाव घेतलं नाही आणि तिनं मागितलंही नाही. खाली आल्यावर दोर गुंडाळायची, टाचेतला खडा काढायची आणि चुलीपाशी जायची.

मी तोंड काचेकडं केलं. लेकीला काय समजायचं ते समजलं असेल.

खाली रुंद जागा बघून तिनं गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून मिस्त्रीला म्हणाली, "मागचे टायर नवीन हायेत, पुढचे जुने. दिसायला बरे दिसत्यात, पण रबर कडक झालंय. मी सकाळीच नखानं दाबून बघितलं. म्हणून तर हळू आणली."

मिस्त्रीनं कानाला हात लावला. "पुढचे चालतील असं वाटलं, मॅडम."

"माझ्या रस्त्याला चालत न्हाईत. चारी एकसारखे नवीन टाका, पावसात धरणारे. खालून एक पत्रा लावून द्या, पोटाला. मग बघू."

मिस्त्री म्हणाला, "टाकतो. चूक माझी."

 वायपर इकडून तिकडं जात होता. जावयानं घसा साफ केला आणि म्हणाला, "मामा, आता काय म्हणता? उद्या अर्जाचा शेवटचा दिवस हाय. गाडी म्हणाल तर गाडी. बदली म्हणाल तर बदली. तुमचा शब्द."

मघाशी मी पास म्हणून बसलो होतो. आता पुन्हा म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडात शब्द तयार होता. तो तिथंच अडकला. मी कधी गोड बोललो नाही, ते मला येतही नाही. मी म्हणालो, "जावईबापू, मला इचारू नका. ही दारावरून गेली न्हाई तर दिवसभर मला माणूस दिसत न्हाई. हा चहा बंद झाला तर मी काय करीन, मला ठाऊक न्हाई. मी गाडीच म्हणणार. तुमी बैलगाडी आणली असती तरी मी गाडीच म्हणलो असतो. अशा माणसाचा शब्द घ्यायचा नसतो. आणि मला फक्त चढ दिसतो, ते तुमी आज बघितलं. उतार हिला दिसतो. हिला इचारा."

 जावयाला वाटत होतं तो मला मान देतोय, आणि तो देतच होता. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं.

"मग?" त्यानं लेकीला विचारलं.

लेकीनं नाक पुसलं. "वरच्या शाळेत माझी चौथीची पोरं हायेत," ती म्हणाली. "त्यांना अजून भागाकार येत न्हाई. आणि आबांना चहा येत न्हाई. टायर नवीन टाकले तर मी ही गाडी घेती. अर्ज भरत न्हाई."

"आलं ठेचून टाकतो की आता," मी म्हणालो.

"साखर कोण टाकणार?"

मागं मिस्त्री मोठ्यानं हसला, मग जावईही हसला.

आता ती गाडी रोज येते. चारी टायर नवीन आहेत, मी नखानं दाबून बघितले. पोटाला पत्रा आहे. शेजारचा म्हातारा अजून रोज वाकून बघतो आणि त्याला रोज वाईट वाटतं. लेक थांबते, काच खाली करून चहा घेते, पावसात उतरत नाही. कप परत देते आणि जाते. त्या गाडीला आवाज असा नाहीच. दार लावल्याचा धप्प आवाज झाला की संपलं, पुढं काही ऐकू येत नाही.

मी ओट्याच्या कडेला उभा राहतो. रस्ता धरणाच्या पाण्याला वळसा घालून वर जातो, त्यामुळं गाडी लपते आणि पुन्हा दिसते. ढग असला तर मागचे लाल दिवे तेवढे दिसतात. एका वळणावर दिसतात, मग बराच वेळ नाही, मग वरच्या वळणावर. त्या बऱ्याच वेळात मी हात धुवत नाही, म्हशीकडं जात नाही, काहीच करत नाही. शेवटच्या वळणावर, शाळेच्या खाली, ते दिवे एकदा जास्त लाल होतात आणि शाळेच्या आवारात जातात.

"पोचली गं," मी म्हणतो. आत चुलीकडं तोंड करून, मोठ्यानं म्हणतो. मग कप विसळायला घेतो.